मामा, मी असं नाही म्हटलं

गेले सहा-सात वीकांत इथे काहीच लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल टाकून विचारलं, काय रे, आटलास की काय? आटलो नाही. रिलीजही नव्हतं. शनिवार दुसरीकडे जातोय, एवढंच. तर आज त्या शनिवारांबद्दलच लिहितो, नाहीतरी डोक्यात दुसरं काही नाहीये.

माझी एक मावसबहीण बोईसरला असते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून ताई. भावोजी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत प्लांट ऑपरेटर आहेत, त्यामुळे त्यांचं सगळं घर पाळ्यांवर चालतं. फर्स्ट, सेकंड, नाइट. नाइट असली की दुपारभर घरात कुजबुजत बोलायचं. ताई कुकरची शिट्टीसुद्धा पक्कडीनं धरून हळूच सोडते (हे मी प्रत्यक्ष पाहिलंय). बाहेरच्यांसाठी सांगतो, 'तारापूर एमआयडीसी' ही तारापूर गावात नाही, बोईसरला आहे. तारापूर गाव पश्चिमेला, आणि 1969 साली सुरू झालेलं अणुवीज केंद्रही तिकडेच, समुद्राकाठी. पण आमच्याकडे बोईसर-तारापूर हा एका दमात म्हणायचा एकच शब्द आहे. मी स्वतः पालघरचा. मंगळवार ते गुरुवार डहाणू लोकल पकडून अंधेरीला ऑफिस, बाकी दिवस घरून काम. पालघरहून बोईसर म्हणजे मध्ये एक उमरोळी सोडलं की आलंच. त्यामुळे "लांब पडतं" ही सबब मला वापरता येत नाही.

ताईला एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांचा, चौथीत, मराठी माध्यम. त्याचं खरं नाव इथे देणं बरोबर नाही, आपण त्याला बंड्या म्हणू.

जुलैमध्ये ताईचा फोन आला. "अरे, तू इंजिनियर आहेस ना? जरा बघ की याच्याकडे." आमच्या नातेवाईकांमध्ये इंजिनियर म्हणजे प्रिंटर, वायफाय, मिक्सर आणि पोरं, सगळं दुरुस्त करणारा इसम. बंड्याचा प्रॉब्लेम एका वाक्यात सांगायचा तर, तो लिहीत नाही. वाचतो ठीक. हिशेब तोंडी फटाफट. गोष्ट सांगायला बसला की अर्धा तास कुणाला उठू देत नाही. पण हातात पेन्सिल दिली की खेळ खलास. वर्गपाठ अर्धा, गृहपाठ कोरा, रविवारी रात्री पोटात दुखणं. ताईच्या जिवाला घोर होता तो पुढच्या वर्षाचा. आतापर्यंत वरच्या वर्गात ढकललं जात होतं, पण महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाला तर एकदा पुनर्परीक्षा, आणि त्यातही गेला तर त्याच वर्गात. "सगळं येतं रे त्याला, नुसतं लिहीत नाही, आळशी आहे," ताई म्हणाली. मीही मनात म्हटलं, आळशी आहे. आळशी माणसांचं काय करायचं ते आपल्याला माहीत आहे, आपण टीम सांभाळतो!

तर पहिल्या शनिवारी अस्मादिक पूर्ण तयारीनिशी दाखल. एक्सेलमध्ये वेळापत्रक. नवीन दुरेघी वही, तीन पेन्सिली, बक्षीस म्हणून कॅडबरी. रोज एक पान शुद्धलेखन, शनिवारी मी तपासणार.

बंड्यानं पहिल्या अर्ध्या तासात पेन्सिलीला पाच वेळा टोक केलं. दोनदा पाणी प्यायला, एकदा बाथरूम. एकूण लेखन चार ओळी. दुसऱ्या शनिवारी तीन ओळी, म्हणजे प्रॉडक्टिव्हिटी खाली. तिसऱ्या शनिवारी त्यानं एक पान पूर्ण केलं, पण असं की कोंबडीचे पाय परवडले. मी म्हटलं, पुन्हा लिही. तो नुसता बसून राहिला. म्हटलं, अरे लिही ना. तरी तसाच. माझं डोकं आधीच तापलेलं, प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलेलं आणि फोन सारखा वाजतोय. मी ते पान वहीतून टर्रकन फाडलं आणि म्हटलं, "हे असलं दाखवायचं नाही मला."

तो रडला नाही. त्यानं खाली वाकून तुकडे गोळा केले, जमिनीवर मांडले आणि जुळवायला लागला. ताई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. ती वळली नाही.

परतीच्या गाडीत दारात उभा राहून वारा खाल्ला, पण काही उपयोग नाही. लहानपणी माझ्या बाबांनी 'आशीर्वाद' हा शब्द माझ्याकडून वीस वेळा लिहून घेतला होता, आणि वीसही वेळा मी तो 'आर्शिवाद' लिहिला होता. त्या दुपारी मला जे वाटलं होतं ते इतकी वर्षं आठवलं नव्हतं. त्या दिवशी सफाळ्यापर्यंत... म्हणजे, पालघरला उतरायचंच विसरलो. असो.

पुढच्या शनिवारी वही काढलीच नाही. बंड्याला घेऊन बोईसर स्टेशनवर गेलो. त्याला गाड्यांचं वेड आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते 'अभ्यास सोडून' या सदरात. पुलावर वडापाव खात उभे राहिलो आणि पठ्ठ्या सुरू झाला. कुठली गाडी इथे थांबते, कुठली थ्रू जाते. राजधानीचं इंजिन, वंदे भारतचं तोंड. फ्लाइंग राणीला पूर्वी डबलडेकर डबे होते, ते 2023 मध्ये काढले, बाबांनी त्याला त्याआधी एकदा वरच्या मजल्यावर बसवलं होतं, तिथून प्लॅटफॉर्मवरच्या माणसांची फक्त टाळकी दिसतात. वीस मिनिटं. मध्ये श्वास नाही. मी खिशातून फोन काढला आणि मुकाट्यानं टंकायला लागलो.

घरी आल्यावर मजकूर लॅपटॉपवर घेतला, अक्षर मोठं केलं आणि त्याला म्हटलं, हे वाच, तुझं आहे. तो वाचायला लागला. चौथ्या ओळीला थांबला.

"मामा, मी असं नाही म्हटलं."

"काय नाही म्हटलंस?"

"तू लिहिलंयस 'गाडी येण्याआधी रुळांचा आवाज येतो'. मी म्हटलं, रूळ आधी सांगतात."

मी बदललं. मग त्यानं अजून दोन जागा काढल्या. एक वाक्य वर नेलं. 'खूप' हा शब्द तीनदा आलाय म्हणाला आणि दोन उडवायला लावले. चाळीस मिनिटं! ज्या पोराला चार ओळी लिहायला आपण कॅडबरी दाखवत होतो, तो स्वतःच्या मजकुराचा कोड रिव्ह्यू करत होता, आणि आमच्या ऑफिसातल्या दोघांपेक्षा जास्त मन लावून.

म्हणजे सीपीयू मस्त चालू आहे, कागद जातोय तो प्रिंटरमध्ये. लिहिणं म्हणजे एक काम नाही, दोन आहेत. काय म्हणायचं ते ठरवणं हे एक, आणि हातानं ते उमटवणं हे दुसरं. तुमचा-माझा हात आपोआप चालतो म्हणून आपल्याला ती दोन वाटत नाहीत. ज्याचा हात आपोआप चालत नाही, त्याचं सगळं लक्ष 'ह' ची गाठ कुठून सुरू करायची यातच खर्च होतं, आणि वाक्य डोक्यात येऊन निघूनही जातं. एवढं मला कळलं. पण प्रिंटरमध्ये नेमकं कुठे अडकतंय ते कळलं नव्हतं. डीबग करायचं तर लॉग हवेत. ताईला म्हटलं, याच्या जुन्या वह्या टाकल्यास की आहेत? आमच्या घराण्यात कुणी काही टाकत नाही. माळ्यावरून पहिलीपासूनचा गठ्ठा निघाला.

त्यात तिसरीचं पुस्तकही होतं. आठवत असेल, 2023 साली बालभारतीनं पाठ्यपुस्तकांतच धड्यांच्या मागे कोरी पानं घातली होती, वहीचं ओझं कमी व्हावं म्हणून. 'माझी नोंद' लिहायला. (जानेवारी 2025 मध्ये सरकारनं तो निर्णय मागेही घेतला.) बंड्याच्या पुस्तकात त्या पानांवर एकही नोंद नव्हती. सगळीकडे इंजिनं. पॅन्टोग्राफसकट. रेघा इतक्या दाबून काढलेल्या की मागच्या पानावर बोट फिरवलं तर हाताला लागतात.

वह्या तारखेनुसार लावल्या आणि बघत बसलो. पहिलीची वही, बरी. दुसरीत 'दिवस', 'विमान', 'किती' असे शब्द यायला लागले आणि तिथे गंमत दिसली. पहिली वेलांटी बिचारी दोन अक्षरांच्या मध्ये चिरडलेली. कुठे मागच्या अक्षरावरून गेलेली, कुठे त्याचा कानाच झालेली. खोडून खोडून कागद भुरभुरीत, आणि त्याभोवती लाल गोल. तिसरीच्या वहीत ही भानगड एकदम गायब! कारण पहिली वेलांटीच गायब. 'दीवस', 'वीमान', 'कीती'. सगळीकडे दुसरी. त्याला पुन्हा लाल गोल, आता शुद्धलेखनाच्या चुका म्हणून.

मी त्याला जवळ बसवून फक्त एक शब्द लिहायला सांगितला, 'कविता'. आणि हाताकडे बघत राहिलो. क काढला. लगेच शेजारी चिकटून व. मग थांबला, पेन्सिल मागे नेली, क आणि व च्या फटीत वेलांटीचा दांडा घुसवायला गेला. जागाच नाही. माझ्याकडे बघितलं, खोडरबर घेतलं, दांडा खोडला आणि व च्या पुढे दुसरी वेलांटी देऊन मोकळा झाला.

माझी अक्षरशः ट्यूब पेटली. मंडळी, बंड्या युनिकोड लिहीत होता!

ज्यांनी फार पूर्वी मराठी टंकायचा उद्योग केलाय त्यांना हे चटकन कळेल. 'वि' आपण लिहिताना दांडा आधी काढतो, मग व. पण उच्चारताना व आधी, इ नंतर. युनिकोडमध्ये साठवतात तो उच्चाराचा क्रम: आधी व, मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना ती उचलून व च्या अलीकडे मांडायचं काम वेगळा प्रोग्राम करतो. जुन्या विंडोजवर ती सोय चालू केलेली नसली की वेलांट्या सगळ्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या, आठवतंय? 'हिंदी' शब्द धड दिसला तर पेढे वाटायची वेळ. रफारचंही तेच. 'सूर्य' मध्ये र आधी ऐकू येतो आणि बसतो जाऊन य च्या डोक्यावर.

शाळेत आपण घोकतो काय? "व ला पहिली वेलांटी वि." आधी व, मग वेलांटी. नाव पहिली, ऐकू येते नंतर, लिहायची अलीकडे. बहुतेक मुलं हे न बोलता सांभाळून घेतात. ज्याला प्रत्येक अक्षर मुद्दाम आठवून काढावं लागतं तो ऐकतो त्या क्रमानं काढतो आणि तोंडावर आपटतो. मग त्यानं मार्ग काढला: दुसरी वेलांटी नंतर येते, तिला मागे जागा लागत नाही, तीच वापरू. शुद्धलेखन कच्चं म्हणून लाल गोल मिळत होते ते त्याच्या वर्कअराउंडला. मी त्याला विचारलं, 'दिवस' मध्ये कुठली वेलांटी? क्षणात म्हणाला, पहिली. मग दुसरी का देतोस? "पहिली मावत नाय."

दोन वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तीन शनिवार समोर बसून विचारलं नव्हतं, त्यामुळे इतरांवर बोलायला मला तोंड नाही.

त्या रात्री बसून वाचत सुटलो. (आपली पिढी, काही झालं की आधी सर्च.) आणि फिरून फिरून पोचलो कुठे, तर आमच्याच जिल्ह्यात. कोसबाड! शाळेत असताना आमची सहल तिथे गेली होती. मला त्यातली फक्त चिकूची झाडं आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल आठवते. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी आयुष्य तिथे घातलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखायला गेलेल्यांच्या मागे कुरणात नेली. माँटेसरीची साधनं महागडी, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं. हे सगळं बोईसरहून वाणगाव सोडलं की पुढचं स्टेशन डहाणू, तिथून थोडं आत. आणि मी एक्सेल घेऊन गेलो होतो.

मारिया माँटेसरीनं 1907 मध्ये रोममधल्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तिथल्या अनुभवातली एक गोष्ट माझ्या थेट कामाची निघाली. ती हात आणि मजकूर वेगळे तयार करते. हातासाठी खरखरीत कागदाची अक्षरं, त्यांवरून बोट फिरवायचं. धातूच्या चौकटींच्या आत रेघा भरायच्या. आणि मजकुरासाठी सुटी कापलेली अक्षरं. ज्या पोराला अजून पेन्सिल धरता येत नाही तेही अक्षरं उचलून शब्द मांडू शकतं. शंभरावर वर्षांपूर्वी कुणीतरी प्रिंटर आणि सीपीयूच्या दोन केबल वेगळ्या करून ठेवल्या होत्या.

घरात लग्नपत्रिकांचा साठा होताच. दोन रात्री बसून व्यंजनं कापली. काना, मात्रा, उकार, वेलांट्या वेगळ्या, त्या जुन्या फाइलच्या पारदर्शक प्लास्टिकच्या, म्हणजे अक्षरावर टोपीसारख्या चढतात. आईनं विचारलं, "हे काय रे या वयात?" म्हटलं, प्रोजेक्ट आहे.

कार्डांची गंमत अशी की त्यात क्रमाचा प्रश्नच मिटतो. बंड्यानं क, व, त मांडले. मग पहिली वेलांटी उचलली, क ला बोटानं ढकललं, फट केली, वेलांटी ठेवली. बस. खोडणं नाही, भुरभुरीत कागद नाही. चूक ढकलून दुरुस्त होते. पहिल्या दिवशी त्यानं जमिनीवर दाराच्या उंबऱ्यापर्यंत वाक्य नेलं: राजधानी बोईसरला थांबत नाही कारण तिला घाई आहे. भावोजी सेकंडला निघाले होते, ते वाक्य ओलांडून पाय टाकायला जागा शोधत गेले.

हाताचं वेगळं. चिंचणीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत सुरूच्या काटकीनं हातभर अक्षरं काढली. तिथे तो ऐसपैस लिहितो, दोन शब्दांत चारदा लाट येते आणि पुसून जाते, त्याला त्याचं काही वाटत नाही. उलट बरं वाटतं. वहीवर आलो की वेलांटी येणार असेल तिथे आधी एक बोट ठेवायचं, त्याच्यापुढे अक्षर. आणि माझं काम फक्त बघण्याचं, लाल पेन घरी ठेवून.

ताईला हे पटत होतं आणि नव्हतंही. एकदा भडकली. "परीक्षेत कार्डं देणारेत का? वाळूत पेपर लिहिणारे का तो?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. मग आम्ही दोघं त्याच्या बाईंना भेटायला गेलो. मी मनात बाह्या सरसावून गेलो होतो. बाईंनी वेलांटीची गोष्ट ऐकली, एक जुनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गात अजून दोन आहेत असे. मी आज जाऊन बघते." आणि त्यांनीच सांगितलं की आधी डोळे तपासून घ्या आणि मग याची नीट तपासणी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, लिहिण्यातल्या या अडचणीला डिसग्राफिया म्हणतात, मुंबईत सायनच्या रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जास्त वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिकही.

भावोजींना सांगितल्यावर ते एकदम तुटक झाले. "माझ्या पोराला काही झालेलं नाही. शिक्का कशाला मारून घ्यायचा?" मी कायदा, सवलती, तारे जमीन पर, सगळं ऐकवलं. ते जेवत होते. हात धुवून आले आणि ताई आत गेल्यावर म्हणाले, "तुला एक सांगतो, हिला माहीत नाही. चार वर्षांपूर्वी मला शिफ्ट सुपरवायझर करत होते. मी नाही म्हटलं."

"का?"

"रिपोर्ट लिहावे लागतात."

मी गप्प.

"लॉगबुकात आकडे मी भरतो. शेरा लिहायचा असला की शेजारच्या पॅनेलवाल्याला सांगतो, तू लिही, माझे हात तेलकट आहेत." मग थोडं थांबून, "पंधरा वर्षं तेलकटच आहेत."

हा प्रकार घराण्यात चालू शकतो हे मी वाचलं होतं. त्यांना सांगितलं नाही. ते त्यांना कळलेलं होतंच. सायनला जायची सुट्टी त्यांनीच टाकली, नाइट करून तसेच निघाले, आणि विरारपर्यंत बंड्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते असं ताई सांगत होती. तपासणी एका दिवसात होत नाही. दोन खेपा झाल्या, अजून आहेत. निदान काय येईल ते मला माहीत नाही. कदाचित येईल काहीतरी, कदाचित नुसती वेलांटीच निघेल. पाचवीचं काय होईल तेही माहीत नाही. सध्या रोज पाच ओळी, आधी कार्डांनी मांडलेल्या, मग पेन्सिलीनं. कधी तीनच होतात. एका शनिवारी एकही झाली नाही, दोघं कंटाळून कॅरम खेळलो.

(विषयांतर: मध्यंतरी माझा एक चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. वर्षभरात मी हातानं काय लिहिलं याचा हिशेब केला. सह्या, दोन फॉर्म, एक आहेराचं पाकीट. बंड्याला बोलतोय कोण!)

गेल्या शनिवारी गेलो तेव्हा तो दार उघडायला आला नाही. खिडकीत पाठमोरा बसला होता, वहीवर वाकून. ताईनं तोंडावर बोट ठेवलं. मी चहा घेतला, पेपर चाळला. वीस-पंचवीस मिनिटांनी वही माझ्या पुढ्यात आली. कार्डं बाहेर काढलेलीच नव्हती. विषय मी दिलेला नव्हता, गाड्याही नव्हत्या.

'मामाने माझे पान फाडले. मी रडलो नाही. मी ते जोडले पन एक तुकडा मीळाला नाही. तो कपाटाखाली होता. नंतर मामाने वडापाव दिला.'

'दिला' मधली वेलांटी पहिली होती, अलीकडे बोटभर जागा सोडून. 'मीळाला' मधली राहिली होती. मी पुन्हा वरून वाचलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मामा, 'फाडले' बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग काय बदलायचं?"

"काही नको."

त्यानं वही घेतली, तारीख घातली आणि कॅरम काढायला गेला.